भिंतीला कान, दगडाला आठवण

टेप पुसायची असेल तर आधी हातातलं घड्याळ काढून ठेवायचं. मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात शिरलो तेव्हा पहिल्याच दिवशी मिळालेला हा धडा. बल्क इरेझर नावाचं एक जडशीळ धूड कोपऱ्यातल्या टेबलावर असायचं. बटण दाबलं की आतलं चुंबक जागं होऊन गुणगुणायला लागायचं. त्यावर स्पूल ठेवायचं, चारदोनदा गोल फिरवायचं आणि मग हात अगदी सावकाश लांब न्यायचा. घाईने उचललंत तर टेपवर काहीतरी धपधपत राहतं. नीट केलंत तर अर्ध्या मिनिटात सगळं साफ. तासाभराचं भाषण, मधला खोकला, पाण्याचा पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज, सगळं. आमच्यातला एकजण घड्याळ काढायला विसरला होता. लग्नात मिळालेलं घड्याळ, ते पुन्हा कधी धड चाललं नाही.

टेप महाग होती म्हणून पुसायची आणि पुन्हा वापरायची. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मलाही नाही.

वाटायला लागलं ते फार उशिरा. ती नोकरी सुटल्यावर, एका रात्री लॅपटॉपवर बीबीसीचं १९७२ सालचं एक टीव्ही नाटक बघताना. नाव ‘द स्टोन टेप’. लिहिणारा नायजेल नील. तोवर हे नाव माझ्या कानावरूनही गेलेलं नव्हतं.

नाताळात भुताची गोष्ट सांगायची इंग्रजांची जुनी रीत आहे. हे नाटकही २५ डिसेंबरच्या रात्री दाखवलं गेलं. (मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. आमच्या गावात टीव्ही यायला अजून एक तप होतं.) गोष्ट अशी. एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची माणसं एका जुन्या वाड्यात मुक्कामाला येतात. जपानी कंपन्यांच्या पुढे जायचं तर टेपपेक्षा सरस असं काहीतरी शोधायला हवं, त्याचं संशोधन इथे चालणार. पण एका खोलीचं काम कामगारांनी अर्धवट टाकलेलं आहे. भिंतीवरच्या लाकडी फळ्या काढल्यावर मागचा मूळ दगड उघडा पडलाय आणि कुठेच न जाणाऱ्या काही पायऱ्या. तिथे पावलं वाजतात, बाईची किंकाळी ऐकू येते. शंभरेक वर्षांपूर्वी तिथून पडून मेलेली एक मोलकरीण.

आपल्याकडच्या गोष्टीत इथे मांत्रिक आला असता. नीलच्या गोष्टीत कंपनीचा साहेब, पीटर ब्रॉक, आनंदाने हात चोळायला लागतो. हे भूत नाहीच, हे रेकॉर्डिंग आहे! त्या क्षणाची भीती दगडाने टिपून ठेवली आहे आणि आपल्या डोक्यात ती वाजते. म्हणजे ज्याच्या शोधात आपण निघालो ते माध्यम हाच दगड. मग काय, यंत्रं येतात, मोजमापं सुरू होतात, दगडाने पुन्हा बोलावं म्हणून त्याच्यावर नाना आवाजांचा आणि लहरींचा मारा होतो. आणि खोली गप्प होते. पुसून टाकलं.

मी तिथे थांबवून उठलो आणि पाणी प्यायलो. घाबरून नाही. ओळख पटली म्हणून. उत्साहाने, चांगल्या हेतूने, कामाच्या घाईत एखादा आवाज कायमचा पुसून टाकणारी ती माणसं म्हणजे आम्हीच होतो.

पुढे काय होतं तेही सांगतो, नाटकाला पन्नास वर्षं उलटून गेलीत, आता लपवण्यात अर्थ नाही. ब्रॉकचा रस संपतो. पण जिल नावाची एक संगणक प्रोग्रामर त्या खोलीचा पिच्छा सोडत नाही. तिच्या लक्षात येतं की पुसला गेला तो फक्त वरचा थर. खाली त्याहून जुना थर आहे, हजारो वर्षांपूर्वीचा, झिजून झिजून माणसाचा आकारच न उरलेला. तो तिचा जीव घेतो. ब्रॉक तिची टिपणं नष्ट करतो, जबाबदारी झटकतो आणि शेवटी एकदा त्या खोलीत जातो. दगड पुन्हा बोलतो. या वेळी किंकाळी जिलची असते, आणि ती त्यालाच हाक मारत असते.

स्टुडिओत इरेझरचं काम कच्चं राहिलं तर नव्या आवाजाखालून जुना आवाज पुसटसा ऐकू यायचा. जाहिरातीतल्या साबणाच्या खाली कुणीतरी शेतीविषयी बोलतंय. आम्ही म्हणायचो, ‘खालचा बोलतोय रे, पुन्हा पूस.’ हसत म्हणायचो.

आणि माझी आजी? तिला हे नाटक दाखवलं असतं तर तिने दुसऱ्या मिनिटाला सांगितलं असतं काय प्रकार आहे तो. दिवेलागणीला कुणी वेडंवाकडं बोललं की ती गप्प करायची: ‘असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ वास्तू ऐकते, ध्यानात ठेवते, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं. इंग्लंडात मात्र या कल्पनेला नाव मिळालं ते नीलमुळे. भुतांचा माग काढणारी हौशी मंडळी आजही ‘स्टोन टेप थिअरी’ म्हणून तिचा हवाला देतात, आणि त्यातल्या पुष्कळांना हे नाव एका टीव्ही नाटकाचं आहे याचा पत्ताही नसतो. कल्पना अर्थात जुनी आहे. गणनयंत्राची स्वप्नं पाहणाऱ्या चार्ल्स बॅबेजने १८३७ साली लिहून ठेवलं होतं की हवा म्हणजे एक अफाट ग्रंथालय आहे, आजवर उच्चारला गेलेला प्रत्येक शब्द तिच्या पानांवर आहे. नीलने हवेच्या जागी दगड ठेवला आणि त्यात एक जास्तीची गोष्ट घातली: हे ग्रंथालय पुसताही येतं.

त्या रात्रीनंतर मी या माणसाच्या मागे लागलो, आणि लागल्यावर कळलं की त्याच्या लेखनाचा बराचसा भाग मला कधीच बघता येणार नाही. तो उरलेलाच नाही.

थॉमस नायजेल नील. जन्म १९२२, इंग्लंडच्या वायव्येला बॅरो-इन-फर्नेस इथे, पण घराणं आइल ऑफ मॅनचं आणि तो सहा वर्षांचा असताना कुटुंब तिकडेच परतलं. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे चिमुकलं बेट. वडील तिथल्या वर्तमानपत्राचे मालक आणि संपादक. पोराच्या डोळ्यांना उजेड सोसायचा नाही, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्याला घेतलं नाही. वकिलीचं शिक्षण घेतलं, त्याचा कंटाळा आला, १९४६ला लंडन गाठलं, नाट्यशाळेत अभिनय शिकला, आणि मधल्या काळात लिहिलेल्या कथांचं पुस्तक १९४९ साली आलं: ‘टोमॅटो केन’. त्याला पुढच्याच वर्षी सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाला. इथून एखाद्याची साहित्यिक म्हणून रीतसर वाटचाल सुरू झाली असती. हा गृहस्थ १९५१मध्ये बीबीसी टेलिव्हिजनमध्ये पगारी लेखक म्हणून चिकटला. त्या काळात टेलिव्हिजनला साहित्यिकांमध्ये काय किंमत होती? आज एखाद्या चांगल्या कथाकाराने मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रील लिहायला घेतल्या तर आपण जसे बघू, तशी.

तेव्हाचं टीव्ही नाटक म्हणजे रंगमंचासमोर कॅमेरा ठेवायचा आणि थेट प्रक्षेपण करायचं. नीलला याचा वीट होता. सुदैवाने तितकाच वीट असलेला एक दिग्दर्शक त्याला भेटला: रुडॉल्फ कार्टिए, मूळचा व्हिएन्नाचा ज्यू निर्वासित. १९५३च्या उन्हाळ्यात शनिवारच्या सहा भागांची जागा रिकामी होती, ती भरायला नीलला सांगितलं. १८ जुलैला पहिला भाग गेला तेव्हा शेवटचे भाग लिहूनही झालेले नव्हते. शास्त्रज्ञ नायकाचं आडनाव त्याने लंडनच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं: क्वाटरमास. असं आडनाव ऐकलं की माणूस एकदा वळून बघतो. पहिलं नाव बर्नार्ड, खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेलवरून.

‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’मध्ये तीन अंतराळवीर वर जातात, यान परत येतं तेव्हा आत एकच असतो. आणि तोही हळूहळू माणूस राहत नाही. वनस्पतीसारखं काहीतरी त्याच्यातून वाढत जातं, आणि ज्यांना ते गिळतं ते सगळे त्याच्या आत कुठेतरी शिल्लक असतात. ही मालिका माणूस चंद्रावर जायच्या सोळा वर्षं आधीची. गागारिनच्याही आठ वर्षं आधीची.

सहाव्या भागात तो राक्षस लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये जाऊन बसतो. पैसे तर नव्हतेच. मग नील आणि त्याची मैत्रीण ज्युडिथ कार, दोघांनी मिळून जाड हातमोज्यांवर पालापाचोळा आणि चामड्याचे तुकडे चिकटवले. ॲबीच्या आतल्या भागाचा मोठा फोटो, त्याला भोकं, भोकांतून हात बाहेर काढून स्वतः लेखक ते वळवळवत होता, थेट प्रक्षेपणात. त्याच ॲबीत तीन महिनेही झाले नव्हते राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक होऊन. तो सोहळा बघायला म्हणून पुष्कळ इंग्रज घरांनी पहिल्यांदा टीव्ही घेतला होता. आता त्याच पडद्यावर, त्याच कमानींखाली हे. पहिला भाग सुमारे ३४ लाख लोकांनी पाहिला, शेवटचा ५० लाखांनी. राक्षसाला मारायला तोफ येत नाही हे मला सगळ्यात आवडलं. क्वाटरमास त्याच्यासमोर उभा राहून आत अडकलेल्या तिघा माणसांशी बोलतो, त्यांना त्यांच्या माणूसपणाची आठवण देतो.

म्हणजे मी वाचलंय तसं. बघितलेलं नाही. कुणीच आता बघू शकत नाही.

याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. थेट प्रक्षेपण जपायचं तर त्या काळी एकच उपाय होता: एका मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा ठेवायचा आणि पडद्याचाच चित्रपट काढायचा. पहिले दोन भाग असे टिपले. दुसऱ्या भागाच्या वेळी मॉनिटरवर एक किडा येऊन बसला, तोही टिपला गेला. आजही तो तिथे आहे, इंग्लंडच्या टेलिव्हिजन इतिहासातला अजरामर किडा. दर्जा पसंत पडला नाही म्हणून पुढचे चार भाग टिपायचेच नाहीत असं ठरलं. ते प्रक्षेपित झाले आणि हवेत गेले. बॅबेजच्या ग्रंथालयात असतील तर असोत. नीलच्या पहिल्या मोठ्या कामातला एक तृतीयांश भाग उरला, आणि त्यात एक किडा.

पुढची पाचसहा वर्षं मात्र त्याची होती. १९५४च्या डिसेंबरात ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चं त्याने केलेलं रूपांतर कार्टिएने सादर केलं आणि गहजब झाला, पार्लमेंटात सदस्यांनी ठराव मांडले. रविवारी झालेलं नाटक गुरुवारी पुन्हा दाखवलं. ‘पुन्हा दाखवलं’ म्हणजे नटांनी पुन्हा उभं राहून सगळं पुन्हा केलं. टिपून ठेवलं ते हे गुरुवारचं, म्हणून ते आज आहे. मग क्वाटरमासची दुसरी मालिका १९५५मध्ये. आणि मग १९५८च्या डिसेंबरापासून ‘क्वाटरमास अँड द पिट’. ही सहाच्या सहा भागांत शाबूत आहे आणि माझ्या मते त्याने लिहिलेलं सर्वांत मोठं काम हेच.

लंडनमध्ये खोदकाम चालू असतं. कवट्या सापडतात, मग एक मोठं गुळगुळीत यान. आधी वाटतं युद्धात न फुटलेला जर्मन बॉम्ब. मग कळतं पन्नास लाख वर्षांपूर्वीचं काहीतरी. आसपासची घरं कधीचीच ओस, कारण तिथे राहवत नाही. गल्लीचं नाव हॉब्स लेन, आणि हॉब हे सैतानाचं जुनं नाव. मंगळावरून आलेल्या कीटकसदृश प्राण्यांनी आपल्या वानर पूर्वजांच्या मेंदूत फेरफार केले होते, स्वतःच्या जमातीत जे वेगळे निघतील त्यांना ठार मारण्याची त्यांची चाल आपल्यात उतरली, आणि आपण ज्याला सैतान म्हणतो ती त्यांचीच शिंगवाली आठवण. यान जागं होतं आणि लंडनचे सभ्य नागरिक आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांवर तुटून पडतात. १९५८च्या उन्हाळ्यात नॉटिंग हिलला कॅरिबियन लोकांवर हल्ले झाले होते. शहराला ते आठवत होतं. इथे दगड नाही, माणसाचा मेंदूच टेप आहे, आणि खालचा बोलतोय.

चित्रपटवाल्यांनी त्याच्या मालिका उचलल्या, हॅमर कंपनीने क्वाटरमासच्या जागी एक आरडाओरडा करणारा अमेरिकन नट घेतला, नील त्यावर आयुष्यभर चरफडत राहिला. बीबीसीने हक्क विकले होते, पगारी लेखकाला कोण विचारतो. तो भाग मी इथेच सोडतो. लेखकांच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच असतात.

१९६३च्या सप्टेंबरात त्याचं ‘द रोड’ नावाचं नाटक झालं. त्याचा एक फूटभरही तुकडा उरलेला नाही. संहिता उरली. २०१८मध्ये बीबीसी रेडिओने त्या संहितेवरून पुन्हा नाटक केलं, आणि मला वाटतं नाटकाला ते रूपच जास्त शोभलं.

सन १७७०. इंग्लंडातलं एक गाव, शेजारी रान. रानात वर्षातल्या एका ठरलेल्या रात्री भुताटकी होते. माणसांचा आक्रोश, धावपळ, विचित्र घरघर. गावचा जमीनदार विज्ञानाचा शौकीन, उपकरणं घेऊन शोध घ्यायला निघतो. शहरातून आलेला एक विचारवंत त्याची थट्टा करतो, येणाऱ्या युगात विवेकाचं राज्य येईल, यंत्रं माणसाची चाकरी करतील असं सांगतो. सगळ्यांना वाटतं इथे कधीकाळी रोमन सैन्याची कत्तल झाली असणार. मग रात्र होते, आवाज येतात. मोटारींचे आवाज. अणुयुद्धाचा इशारा झाल्यावर शहरातून पळणाऱ्या, रस्त्यावर अडकलेल्या, किंचाळणाऱ्या माणसांचे आवाज. भुतं मागच्या काळातली नव्हती. दोन शतकांनंतरच्या रस्त्यावरची होती.

हे ऐकताना मी टुणकन उठून बसलो, कारण हे मी रोज ऐकलेलं होतं. आमच्याकडे त्याला ‘प्रिंट-थ्रू’ म्हणतात. स्पूलवर टेप गुंडाळलेली असते, एका वेढ्यावर दुसरा वेढा. महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिली की मोठ्या आवाजाचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यात झिरपतं. मग काय होतं? टेप लावता, शांतता असते, आणि त्या शांततेत, गायिकेने सूर लावायच्या सेकंदभर आधी, तोच सूर अगदी पुसट ऐकू येतो. जे अजून व्हायचंय त्याचा प्रतिध्वनी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मानेवर काटा आला होता. उपाय साधा आहे. टेप उलटी गुंडाळून ठेवायची, शेपूट बाहेर. म्हणजे झिरपलेला आवाज मुख्य आवाजाच्या नंतर येतो. नंतर आलेल्या प्रतिध्वनीला कुणी दचकत नाही. आपल्याला भुतं नेहमी मागच्या काळातलीच का लागतात, हे मला त्या शेपूट बाहेर ठेवण्यावरून कळलं. नीलने टेप सरळ गुंडाळली.

१९६८ला त्याने ‘द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स’ लिहिलं. नावावर जाऊ नका. लोकांना काही करूच द्यायचं नाही, फक्त बघायला लावायचं, असं ठरवलेली एक राजवट. प्रेक्षक कशानेच हलेनासे झालेले. एक माणूस थेट प्रक्षेपणात अपघाताने मरतो आणि ते खदखदून हसतात. मग वाहिनीचे लोक एका कुटुंबाला थंड, ओसाड बेटावर सोडतात आणि त्यांचं जगणं चोवीस तास दाखवतात. जगणं पुरेसं रंजक होईना म्हणून पुढे त्याच बेटावर एक खुनीही सोडतात. आजच्या कुठल्याही मराठी घरात रात्री साडेनऊला टीव्ही लावा. मला आणखी काही सांगायची गरज नाही. नाटक भडक रंगांत बनवलं होतं, रंग हाच त्याचा मुद्दा होता. उरली आहे ती कृष्णधवल प्रत.

१९७०चं ‘वाइन ऑफ इंडिया’ तर पूर्णच गेलं. नावात आपला देश आहे, म्हणून मी फार उत्सुकतेने शोधलं. गोष्ट २०५० सालची: माणसं विज्ञानाच्या जोरावर तरुण राहतात, पण करार संपला की समारंभपूर्वक, नातेवाइकांच्या देखत स्वतःच्या अंत्यविधीला हजर राहून मरायचं. मुदत संपली, जागा रिकामी करा. ज्या नाटकात माणसांची मुदत संपते त्याची टेपही मुदत संपल्यावर पुसली गेली.

कुणी दुष्टपणाने पुसलं नाही, हे मी पुसणाऱ्यांच्या वतीने सांगतो. व्हिडिओटेप भयंकर महाग होती. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे एखादं नाटक पुन्हा पुन्हा दाखवता येत नसे. घरोघरी कॅसेट विकता येतील ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. रंगीत टीव्ही आल्यावर जुन्या कृष्णधवल गोष्टी कोण बघणार? कपाटात जागा नाही. प्रत्येक कारण रास्त. मीही त्या टेबलाशी बसलो असतो तर घड्याळ काढून ठेवलं असतं आणि कामाला लागलो असतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने जपणुकीचं धोरण बसवलं तोवर जायचं ते गेलं होतं. वाचला तो कागद. क्वाटरमासच्या संहिता पेंग्विनने पुस्तकरूपाने छापल्या होत्या. सगळ्यात मागासलेलं माध्यम म्हणाल तर तेच, आणि तेच टिकलं.

सत्तरीच्या दशकात त्याने आयटीव्ही या खासगी वाहिनीसाठी ‘बीस्ट्स’ नावाच्या सहा स्वतंत्र गोष्टी लिहिल्या, १९७६मध्ये. त्यातल्या एकीत एक मध्यमवयीन जोडपं घरात एकटं आहे आणि जमिनीखाली उंदीर आहेत. पाऊण तास तुम्ही बघता, आणि एकही उंदीर दिसत नाही. कुरतडणं, खुडबुड, मग थव्याने सरकणं. सगळा खेळ ध्वनीचा. धंद्यातला माणूस म्हणून मी तिला शंभरपैकी शंभर देतो. आणखी एक गंमत: आइल ऑफ मॅनवर उंदराला, म्हणजे मोठ्या घुशीसारख्या उंदराला, त्याच्या नावाने हाक मारत नाहीत, अशुभ मानतात. ‘लांब शेपटीवाला’ म्हणतात. आमच्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात, तसंच. नाव घेतलं की येतो. त्या बेटावर वाढलेल्या माणसाने उंदीर न दाखवता उंदरांची गोष्ट लिहावी यात मला काही नवल वाटत नाही.

ज्युडिथ कारशी त्याने १९५४ला लग्न केलं होतं. बर्लिनची ज्यू मुलगी, वडील नामवंत नाट्यसमीक्षक, नाझी सत्तेवर आले तेव्हा १९३३ला कुटुंब जीव घेऊन पळालं, ती नऊ वर्षांची होती. हातमोजे चिकटवणारी हीच ती. १९६८ला, ज्या वर्षी नीलने बेटावरचं ते क्रूर नाटक लिहिलं त्याच वर्षी, त्याच घरातून तिचं पहिलं चित्रमय पुस्तक बाहेर पडलं: एक वाघ चहाला येतो, घरातलं सगळं खातो, नळातलं पाणीसुद्धा संपवतो आणि नीट निरोप घेऊन जातो. तो वाघ आजही जगभर पोरांच्या उशाशी आहे. एकाच घरात दोघं दाराबाहेरच्या जनावराविषयी लिहीत होते. तिने दार उघडलं, याने आतून कडी लावून कान दिला.

नंतरच्या नीलबद्दल मी फार प्रेमाने लिहू शकत नाही. १९७९ची शेवटची क्वाटरमास मालिका मोठ्या खर्चाने झाली, पण तिच्यातला तरुण पिढीवरचा राग मला चिडचिडा वाटतो. उडत्या तबकड्यांवरची त्याची विनोदी मालिका तर बघवत नाही. १९८२मध्ये एका हॉलीवुड भयपटात त्याच्या संहितेत रक्तपात घुसडला म्हणून त्याने आपलं नाव काढून घ्यायला लावलं. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानमालिकेसाठी बोलावलं तर गेला नाही, पोरांना घाबरवणं त्याला पसंत नव्हतं. स्वतःला विज्ञानकथालेखक म्हणवून घ्यायलाही तो नाखूश असे. १९८९च्या नाताळच्या आदल्या रात्री मात्र त्याने रूपांतरित केलेली एक भूतकथा आली, ‘द वूमन इन ब्लॅक’, आणि म्हातारा अजून घाबरवू शकतो हे लोकांना कळलं. २००५मध्ये बीबीसीने पहिली क्वाटरमास मालिका पुन्हा थेट प्रक्षेपणात सादर केली, तेव्हा तो त्र्याऐंशीला टेकला होता. या वेळी सगळं टिपून ठेवलं गेलं. पुढच्या वर्षी २९ ऑक्टोबरला तो गेला.

आता माझं.

१९८३च्या मे महिन्यात नानाकाका मुंबईहून टेपरेकॉर्डर घेऊन गावी आले. पहाटे आजी जात्यावर बसली की ते गुपचूप तो शेजारी ठेवायचे. साठ मिनिटांची एक कॅसेट भरली. कॅसेटच्या माथ्यावर दोन चिमुकल्या पट्ट्या असतात, त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. काकांनी त्या मोडल्या आणि वर निळ्या शाईने लिहिलं, ‘आईच्या ओव्या’.

पट्टी मोडल्याने जे भोक पडतं त्यावर सेलोटेप लावला की कॅसेट पुन्हा भरता येते, हा शोध मला तेराव्या वर्षी लागला. विविध भारतीवर रात्री दहाला छायागीत लागायचं. कोरी कॅसेट घरात नव्हती. मी दोन्ही भोकांवर सेलोटेप लावला. धंद्यात पडायच्या कितीतरी आधी मी हे काम शिकलो होतो.

काका चिडले. आजीला मी रडत सांगितलं. ती भाजी निवडत होती. ‘असू दे रे,’ ती म्हणाली, ‘मी आहे की इथे.’

ती १९९१ला गेली. जातं गावच्या घरी पडवीत आहे, वरची तळी निराळी काढून ठेवलेली. खोटं कशाला बोलू, ‘स्टोन टेप’ बघितल्यानंतरच्या मे महिन्यात कुणी नाही असं बघून मी खालच्या तळीला कान लावला होता. थंड होती. बाकी काही नाही.

गेल्या वर्षी काकांच्या सामानात ती कॅसेट सापडली, निळी शाई फिकी झालेली. घरी आणून मशीनवर चढवली. पहिली बाजू सबंध गाणी. दुसरी बाजूही गाणीच, मध्ये मध्ये निवेदकाचा तो मधाळ आवाज. मी उठलो नाही. छायागीत अर्ध्या तासाचं आणि कॅसेटची बाजू नेहमी तिसापेक्षा किंचित मोठी असते, हे मला माहीत होतं. एका वाक्याच्या मध्यातच निवेदक तुटला. खट्. मी बटण दाबलं असणार ते.

त्याच्यापुढे एकोणीस सेकंद आहेत. ओवी नाही. ओवी संपली असावी किंवा पुढची सुचायची असावी. नुसता दगडावर दगड फिरल्याचा आवाज, जड, एकसारखा, आणि एकदा, हात बदलताना, बांगड्या. मग बाजू संपते आणि बटण आपोआप वर येतं.